जाळासाठी सोडलेली आवर्तने

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५, सकाळचे पावणेसात. पत्र्याच्या शेडखाली हलग्या सात, वादक पाच, आणि कातडे ताणावर असलेली हलगी एकही नाही.

रात्रभर पडलेला पाऊस अजून थांबला नव्हता. व्यंकटीने आपली हलगी कानाजवळ धरली आणि मधल्या बोटाने कातड्यावर टिचकी मारली. ओल्या पोत्यावर मारावी तसा आवाज आला. त्याने ती पत्नीच्या हाती दिली. नागाबाई लोखंडी घमेल्यासमोर उकिडवी बसली होती. घमेल्यातल्या तुराट्या पेटण्यापेक्षा धुमसतच अधिक होत्या. तिने फुंकणीने दोनदा फुंकले, डोळे पदराने पुसले आणि हलगी जाळावर आडवी धरून गोल फिरवायला सुरुवात केली.

"मामा, ह्या पावसात कातडं किती येळ धरंल?" व्यंकटीने मलप्पाला विचारले.

मलप्पा सत्तरीचा होता. गावातल्या सगळ्या हलग्या त्यानेच मढवलेल्या होत्या. "उन्हाळ्यात तापवली की घंटाभर बघायला नगं. आत्ता धा मिंटं धरली तर नशीब."

"मला तेवढी पुरतेत."

"तुला पुरतेत. कातड्याला इचारलंस का?"

माउली हसला. माउली क्रुझर जीप चालवायचा आणि सकाळची पहिली फेरी सोडून तालमीला यायचा. त्याच्या शेजारी मलप्पाची नात दीपाली बसली होती. ती मुखेडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पाचवा व्यंकटीचा मुलगा बालाजी. मल्लिनाथ आणि त्याचा चुलतभाऊ गंगाधर आले नव्हते. त्यांच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी साचले होते आणि दोघे पहाटेपासून चर खोदत होते.

व्यंकटीचे मुखेडच्या बाजारात मोटार रिवायंडिंगचे दुकान होते. जळालेल्या पाणमोटारीची जुनी तार काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची, वार्निश पाजून कॉइल बल्बाखाली सुकवायची, हे काम तो तीस वर्षे करत होता. यंदा जूनपासून पाऊस उघडलाच नव्हता. विहिरी काठोकाठ भरल्यामुळे मोटार चालवण्याची गरज कुणाला नव्हती आणि जी चालत नाही ती जळतही नाही. हलगीचे कामही उरले नव्हते. लग्नाच्या वरातीत, देवीच्या छबिन्यात आता डीजेची गाडी येई. रिकाम्या दुकानात, कोरड्या कॉइली समोर ठेवून, त्याने सात हलग्यांसाठी एक रचना बांधली होती. ती त्याला कुणी मागितली नव्हती.

रचनेची सगळी मांडणी जाळाभोवती होती. सात जणांनी गार, ढिल्या हलग्यांवर सुरू करायचे. सोळा मात्रांचे एक आवर्तन. ठरलेल्या आवर्तनाला एकाने उठायचे, घमेल्यापाशी जाऊन हलगी तापवायची आणि चढलेल्या आवाजासह परत येऊन बसायचे. तो गेलेला असताना त्याच्या ठोक्यांची जागा बाकीच्यांनी भरायची नाही, मोकळी सोडायची. मग दुसऱ्याने उठायचे. असे करत खालचा भरड आवाज एकेक पायरी वर जायचा, आणि अखेरच्या बारा आवर्तनांत सातही हलग्या ताणावर एकत्र वाजायच्या.

ती बारा आवर्तने व्यंकटीने अजून ऐकली नव्हती. तीन महिन्यांत सात जण एका वेळी क्वचितच जमले होते, आणि जमले तेव्हा तुराट्या ओल्या होत्या. आता एकच रविवार उरला होता. लातूरला लोकवाद्यांची स्पर्धा होती. पितृपंधरवड्यात सभागृह रिकामे असते म्हणून आयोजकांनी तो दिवस धरला होता. त्याच रात्री बालाजी लातूरहूनच पुण्याची बस पकडणार होता. चाकणच्या कंपनीत त्याला सोमवारी हजर व्हायचे होते. दसऱ्यानंतर मल्लिनाथ आणि गंगाधरही हैदराबादला बांधकामावर जाणार होते.

व्यंकटीने जमिनीवर पोते अंथरले होते. त्यावर ओळीने चिंचोके आणि जोंधळ्याचे दाणे मांडलेले होते. जाड टिपरूचा ठोका म्हणजे चिंचोका, बारीक काडीचा ठोका म्हणजे जोंधळा, आणि जिथे काही नाही तिथे कुणी काही वाजवायचे नाही.

"काका," माउली म्हणाला, "कोंबडीनं तिसरी ओळ खाल्ली."

नागाबाईने फुंकणी उगारली. कोंबडी पोत्यावरून उडाली आणि जाता जाता चौथी ओळही विस्कटली.

"आता तिलाच घ्या वाजवायला," माउली म्हणाला. "माझं समदं तिच्या पोटात हाय."

"तुझ्यापरीस सुरात वाजवंल ती," मलप्पा म्हणाला.

व्यंकटी हसला नाही. त्याने दाणे पुन्हा मांडले आणि टिपरू उचलले. पंचविसाव्या आवर्तनाला माउली उठला. जाळ मंद होता, त्याला यायला उशीर झाला. त्याच्या पाठोपाठ दीपालीने उठायचे होते. ती घमेल्याकडे पाहत बसून राहिली. व्यंकटीने हात वर करून सगळ्यांना थांबवले.

"तू कामून उठली न्हाईस?"

"माउलीदादा आले न्हाईत अजून, काका."

"त्यो येवो न्हाईतर न येवो. तुझं आवर्तन आलं, तू उठायचं. येकानं येकाची वाट बघितली की मोजणी मोडली. मोजणी मोडली की मग काय राहिलं?"

"पण दोघं बी न्हाईत म्हणल्यावर खाली खाली वाटतंय."

"वाटू दे. मोजणी सोडायची न्हाई. मी मान हलवली की उठायचं."

बालाजी खाली मान घालून काडीचे टोक नखाने सोलत होता.

शनिवारी दिवसभर नागाबाईने चुलीच्या कडेला तुराट्या लावून वाळवल्या. दुपारी त्यातली एक जुडी पेटली, ती तिने हातानेच विझवली आणि तळहातावर फोड आला. संध्याकाळी वाळलेल्या तुराट्या तिने खताच्या रिकाम्या पिशवीत भरून तोंड सुतळीने बांधले.

"समद्यांचं तापवून झाल्यावर मी काय करायचं?" तिने विचारले.

"काय न्हाई. ऐकायचं."

"मला कवा ऐकूच येत न्हाई बगा. जाळाकडं ध्यान ठिवू का तुमच्याकडं?"

"शेवटाला जाळ लागत न्हाई. तवा ऐक."

तिने सुतळीची गाठ पुन्हा आवळली. "बालाजीला सकाळी दशम्या करून देते. बसमधी काय खाईल पोरगं."

रविवारी पहाटे क्रुझर निघाली. जांब, शिरूर ताजबंद, चाकूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यात उभे असलेले सोयाबीन काळे पडले होते. हलग्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवल्या होत्या आणि नागाबाई तुराट्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बालाजीची बॅग तिच्या पायाशी होती. गंगाधर दोन दिवस चर खोदून आल्यामुळे वाटभर झोपला. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि तळव्यांची साले निघालेली होती.

सभागृहाच्या दारात टेबल होते. टेबलामागे निळा कोट घातलेला एक तरुण नावे तपासत होता.

"संघात सात नावं आहेत. या ताई कोण?"

"त्या जाळ सांभाळतेत," व्यंकटी म्हणाला.

"म्हणजे?"

"हलग्या तापवायला. मंचावर घमेलं असतंय आमचं."

तरुणाने पेन खाली ठेवले. तो उद्धट नव्हता. त्याने व्यवस्थापकांना बोलावले. व्यवस्थापकही सौजन्याने वागले. त्यांनी व्यंकटीला खुर्ची दिली.

"काका, हॉल एसी आहे. खाली गालिचा, मागे पडदे. मंचावर काडीसुद्धा ओढता येत नाही. तुम्ही अर्जात लिहायला हवं होतं."

"हलगी लिवली व्हती की."

"हलगी लिहिली. जाळ नाही लिहिला."

"साहेब, हलगी म्हणलं की जाळ आलाच की. त्यो वेगळा काय लिवायचा?"

व्यवस्थापकांनी मान डोलावली, पण त्यांचे उत्तर बदलले नाही. मग त्यांना काही आठवले आणि त्यांनी आतून एक खोका मागवला. खोक्यात फायबरच्या नव्या सात हलग्या होत्या. कडेला नटबोल्ट होते, पान्याने आवळले की हवा तेवढा ताण. दीपालीने एक उचलून वाजवली. आवाज स्वच्छ आणि मोठा आला, व्हरांड्यातले लोक वळून पाहू लागले.

"घ्या, वापरा," व्यवस्थापक म्हणाले. "आमच्याच आहेत."

ते गेल्यावर बालाजी वडिलांजवळ सरकला. "दादा, हे घेऊ. पाऊस न्हाई, जाळ न्हाई, कटकट न्हाई. पयल्यापासनं सातबी ताणावर."

"पयल्यापासनंच ताणावर असल्यावर शेवटाला काय यील?"

"शेवटापर्यंत वाजंल तरी."

"ते वाजणं माझं न्हाई, बालाजी."

"आमचं तरी असंल की," बालाजी म्हणाला. "सात जणांनी तीन म्हैने सकाळची झोप मोडली. मी आज रात्री जाऊन राहिलो. म्हणून सांगतो."

मलप्पाने खोक्यातली एक हलगी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली. व्यंकटीने मान नकारार्थी हलवली आणि बालाजी खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

मंचाच्या डाव्या बाजूला एक छोटे दार होते. ते मागच्या वाहनतळावर उघडत असे. तिथे पत्र्याखाली जाळ करायला चौकीदाराने हरकत घेतली नाही. "भाईर काय बी करा," तो म्हणाला. व्यंकटीने माउलीला हलगी देऊन मंचापासून पत्र्यापर्यंत पळत पाठवले, तापवून परत आणवले आणि घड्याळ पाहिले. दोन मिनिटांच्या आत जमत होते. म्हणजे चोवीस आवर्तने. एकेकाला पाठवले तर स्पर्धेची पंधरा मिनिटे पुरणार नव्हती. जेवणाच्या स्टीलच्या ताटात त्याने खिशातले चिंचोके मांडले. दोघे-दोघे पाठवायचे. आधी मलप्पा आणि माउली, मग मल्लिनाथ आणि गंगाधर, मग बालाजी आणि दीपाली, अखेरीस तो स्वतः. प्रत्येक वेळी दोन हलग्यांचे ठोके काढून घेतल्यावर उरलेल्या पाचांचे पुन्हा बांधणे भाग होते. तो दीड तास ताटावर वाकून बसला. शेजारून पुरीभाजीची ताटे जात होती. कुपने सातच मिळाली होती. नागाबाईने बाहेर पत्र्याखाली बसून बालाजीच्या दशम्यांतली एक खाल्ली.

"बारा आवर्तनं शेवटाला तशीच ऱ्हातेत," व्यंकटीने सगळ्यांना सांगितले. "मधलं वाढलंय. मोजणी तीच. कुणी कुणाची वाट बघायची न्हाई."

त्यांचे नाव चार वाजून दहा मिनिटांनी पुकारले गेले.

सभागृह अर्धे भरले होते. आतल्या गारव्याने मंचावर येईपर्यंत व्यंकटीच्या दंडावर काटा आला. त्याने टिपरू टेकवले. सात ढिल्या हलग्यांचा आवाज निघाला, खालचा, भरड, दूर कुठेतरी बैलगाडी लाकडी पुलावरून जावी तसा. पहिल्या रांगेतल्या परीक्षकाने चष्मा काढून ठेवला. चोवीस आवर्तने झाली. व्यंकटीने मान हलवली. मलप्पा आणि माउली उठून डावीकडे गेले. त्यांच्या जागा मोकळ्या राहिल्या आणि त्या मोकळ्या जागाही नीट ऐकू येत होत्या.

दोघे वेळेवर परतले. मलप्पाने बसता बसता पहिला ठोका दिला आणि तो पाच गार हलग्यांच्या वरून सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेला. माउलीचा त्याला जाऊन मिळाला. कुणीतरी पाठीमागे "वा" म्हणाले. बारा आवर्तने तसे वाजले. व्यंकटीच्या मानेची शीर ताणली गेली होती. अजून पाच हलग्या वर यायच्या होत्या.

मल्लिनाथ आणि गंगाधर उठले.

त्याच सुमारास पावसाचा जोर वाढला. उघड्या दारातून झड आत आली आणि गालिच्याची कड भिजू लागली. दोघे बाहेर गेल्याचे पाहून चौकीदाराने दार ओढले, कडी घातली, कडीला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. तेवढ्यात दर्शनी बाजूला पाहुण्यांची गाडी आली म्हणून त्याला हाक आली. तो तिकडे गेला.

चोवीस आवर्तने संपली तेव्हा डावीकडून कुणी आले नाही. मग दारावर थापा सुरू झाल्या. लोखंडी दार होते. थापा आधी सावकाश आल्या, मग घाईने, मग दोन्ही हातांनी. त्या मोजणीत बसत नव्हत्या. व्यंकटीला त्या ऐकू येत होत्या. पाच जण वाजवत होते. दीपालीने त्याच्याकडे पाहिले. मलप्पाची हलगी गारव्याने उतरू लागली होती. त्याने ठोका अधिक जोराने द्यायला सुरुवात केली, पण कातड्यातून आवाजाऐवजी फक्त हाताचा जोर ऐकू येत होता.

शहाण्णवावे आवर्तन झाले. आता बालाजी आणि दीपालीने उठायचे होते. बालाजीने वडिलांकडे पाहिले आणि मग डावीकडे, थापांच्या दिशेने. तो उठला नाही. तो विचारत होता.

व्यंकटीने मान हलवली.

दोघे उठून गेले. मंचावर तिघे राहिले. सातांसाठी बांधलेले तिघे वाजवत होते. ठोका, मग लांब मोकळी जागा, मग ठोका. प्रेक्षकांत चुळबुळ झाली. एका बाईने मुलाला पाण्याची बाटली दिली, तिचे झाकण उघडल्याचा आवाज मंचावर ऐकू आला. डावीकडे थापा थांबल्या होत्या. कुणीतरी कुलूप खडखडवत होते, मग धावण्याचा आवाज आला.

आणखी छत्तीस आवर्तने गेली. आता उठायचे होते ते व्यंकटीने स्वतः. मलप्पा त्याच्याकडे पाहत होता. माउली त्याच्याकडे पाहत होता. मोजणीप्रमाणे त्याने हलगी उचलून डावीकडे चालू लागायला हवे होते. तो बसून राहिला आणि ठोका देत राहिला. गार कातड्यावर, एकेक, जागच्या जागी. मलप्पाने मांडीवर हलगी उपडी ठेवली. माउलीचा हात थोडा वेळ चालला आणि थांबला. शेवटची काही आवर्तने व्यंकटी एकटाच वाजवत होता. मग त्याने टिपरू गालिच्यावर ठेवले.

टाळ्या वाजल्या. तीन जणांना पुरतील इतक्या होत्या.

"मुखेडच्या संघाला धन्यवाद," निवेदक म्हणाला. "पुढचा संघ तयार राहावा."

किल्ली घेऊन चौकीदार आला तेव्हा बालाजी त्याच्या मागे होता. दार उघडले. मल्लिनाथ आणि गंगाधर पावसात भिंतीला टेकून उभे होते. दोघांच्या हलग्या शर्टाच्या आत होत्या आणि भिजलेल्या होत्या. गंगाधरच्या तळव्यांतून रक्त आले होते. चौकीदार खाली पाहून म्हणाला, "मला काय ठाव, ते परत येणार म्हणून. मला वाटलं गेले."

पत्र्याखाली नागाबाई जाळासमोर बसलेली होती. पुढच्या दोघांची वाट पाहत तिने जाळ मोठा ठेवला होता. व्यंकटीला पाहून ती उठली आणि त्याची हलगी घ्यायला तिने हात पुढे केला.

"झालं," तो म्हणाला.

"झालं? पत्र्यावरच्या पावसात मला काय बी ऐकू आलं न्हाई." ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. "सातबी आले का ताणावर?"

"न्हाई."

तिने घमेल्यात पाणी ओतले.

क्रुझर बसस्थानकापाशी थांबली. बालाजीने बॅग उतरवून घेतली. नागाबाईने दशम्यांचे फडके त्याच्या हातात दिले आणि त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. व्यंकटी खाली उतरला.

"पोचल्यावर फोन कर."

"हाव." बालाजीने बॅग खाली ठेवली. "दादा, मला कळलं व्हतं दार बंद हाय. थापा आयकू येत व्हत्या. तुमाला बी येत व्हत्या."

"हाव."

"मग मान कामून हलवली?"

व्यंकटीने उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. मागून एसटीने हॉर्न दिला, त्यांना बाजूला व्हावे लागले. बाजूला झाल्यावर तो म्हणाला, "आवर्तन आलं व्हतं."

बालाजीने बॅग खांद्यावर घेतली. "मी तितंच वाजवत बसलो असतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि पुण्याच्या गाड्या लागतात तिकडे गेला. व्यंकटीने त्याच्यासाठी हात हलवला, पण तो वळला नाही.

चाकूर मागे पडल्यावर दीपालीला झोप लागली. तिची मान नागाबाईच्या खांद्यावर आली. मलप्पाने आपल्या हलगीवरून हात फिरवला. कातडे कडेपासून सुटले होते.

"ही आता पुन्हा मढवावी लागती," तो म्हणाला. "माझ्या हातनं व्हायची न्हाई. बोटं वळत न्हाईत."

"ऱ्हाऊ दे, मामा."

"किती झाली रं आज?"

व्यंकटी बाहेर पाहत होता. शेतांतल्या पाण्यावर अजून थोडा उजेड होता.

"एकशे त्रेचाळीस."

"किती व्हती समदी?"

"एकशे अडुसष्ट."

माउलीने वायपर चालू केला.

सातही हलग्या एकाच वेळी ताणावर वाजल्या, ती आवर्तने: शून्य.